खो मिळेपर्यंत

"पण गुरुजी, अख्ख्या संघात सगळ्यांत चपळ पाय माझ्या मंजिरीचे. मग फाऊल तिचाच कसा होतो?"

बेलसरे गुरुजी मैदानावर फक्कीची रेघ ओढत होते. ते थांबले नाहीत.

"एकदा नाही, तीनदा!" हणमंत थोरवे त्यांच्या मागोमाग चालत म्हणाले. "खो मिळायच्या आधीच उठून मोकळी. उपांत्य सामना त्यातच गेला. मला दुकानात तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

थोरव्यांचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान. खिळे न्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा मंजिरीनं परवा गडी कसा टिपला ते ऐकल्याशिवाय सुटायचं नाही. सामना असला की शटर खाली. मैदानाच्या कडेला सगळ्यांत आधी थोरवे हजर, आणि सगळ्यांत मोठा आवाजही त्यांचाच.

गुरुजींना हे ठाऊक होतं. चाळीस वर्षं ते याच मैदानावर पोरींना खो-खो शिकवत होते. थोरव्यांसारखे बाप त्यांनी बरेच पाहिले होते.

"ती चौकोनात बसलेली असते, तेव्हा तुम्ही काय करता?"

"काय करणार? ओरडतो. 'ऊठ मंजिरी, आली बघ, ऊठ!' बापाचा जीव आहे, गुरुजी. राहवत नाही."

"हं…"

"तुम्ही तिला चांगली समज द्या. नाहीतर मी देतो."

गुरुजींनी फक्कीचा डबा खाली ठेवला.

"चपला काढा."

"काय?"

"चपला काढा, आणि त्या पाचव्या चौकोनात बसा."

सरावाला जमलेल्या पोरी एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या. मंजिरीनं मान खाली घातली. थोरवे घुटमळले. पण गुरुजींपुढे नाही म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पोट सावरलं आणि बसले.

"मान वळवायची नाही. पाठीवर हात पडून खो ऐकू आला की उठायचं. त्याआधी नाही."

"एवढंच ना!"

शिट्टी झाली. पोरी पळू लागल्या. पावलं कधी डावीकडून, कधी उजवीकडून येत होती. थोरव्यांनी कान टवकारले. इतक्यात कडेवरून गुरुजींचा आवाज घुमला.

"आली, थोरवे! उठा, उठा!"

थोरवे ताडकन उठले.

शिट्टी. पाठलाग करणारी पोरगी अजून पार खांबाजवळ होती. त्यांना खो कुणी दिलाच नव्हता.

"अहो, तुम्हीच म्हणालात उठा म्हणून!"

"खो मी दिला?"

थोरव्यांनी पँट पुन्हा वर सरकवली.

"बसा."

या खेपेला थोरव्यांनी दात आवळले. कुणी काही म्हणो, उठायचं नाही. पावलं जवळ आली, लांब गेली. परत जवळ आली.

"दगडासारखे काय बसलात, थोरवे? सगळे बघतायत. उठा!"

आणि थोरवे उभे होते. कसे उठले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

शिट्टी.

पोरी पोट धरून हसत होत्या. मंजिरी तेवढी हसली नाही. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली,

"आवाज आला की पाय आपोआप उठतात ना, बाबा?"

थोरव्यांनी लेकीकडे पाहिलं.

मग ते पुन्हा खाली बसले.

गुरुजी पुन्हा ओरडू लागले. शाबासकी दिली, टाकून बोलले, दुकानाचं नाव घेऊन हाका मारल्या. थोरव्यांनी डोळे मिटले आणि सगळा जीव पाठीत आणला. पावलांची धपधप. धापा. धापा अगदी जवळ… आणि पाठीवर एक छोटा तळवा.

"खो!"

मंजिरीचाच आवाज.

थोरवे उठले आणि पळत सुटले. चार पावलांवर भोपळ्यासारखे गडगडत मातीत पडले. गडी कुठल्या कुठे निघून गेला होता. कोपर सोलवटलं होतं. तरी ते तिथंच पडल्या पडल्या हसायला लागले, आणि मंजिरीही हसली.

गुरुजींनी फक्कीचा डबा उचलला आणि राहिलेली रेघ ओढायला घेतली.

पुढच्या महिन्यात तालुक्याचे सामने आले. थोरवे नेहमीच्या जागी उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले आणि रुमालाचं टोक दातांत घट्ट धरलेलं.

शेजारच्यानं विचारलं, "दाढ दुखतीये का हो?"

थोरव्यांनी नुसती मान हलवली.

मंजिरी चौथ्या चौकोनात बसली. सवयीनं तिनं एकदा कडेला पाहिलं. थोरव्यांनी नजर झटकन जमिनीकडे वळवली. ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं तोंड फिरवलं, आणि पुन्हा म्हणून तिकडे पाहिलं नाही.

पाठीवर खो पडला. ती उठली. तीन ढांगा, आणि लांबलचक सूर! पळणाऱ्या मुलीच्या टाचेला तिची बोटं लागली.

थोरव्यांच्या दातांखाली रुमाल टरकन फाटला.

त्या दिवशी मंजिरीचा एकही फाऊल झाला नाही. तरी संघ एका गुणानं हरला. समोरच्या पोरी खरोखरच सरस होत्या.

आता संताप येईल म्हणून थोरवे वाट बघत उभे राहिले. तो आला नाही. मंजिरीच आली, कपाळापासून पायापर्यंत मातीनं माखलेली.

"बाबा, सूर बघितलात?"

"बघितला की!"

"आणि मला मागची पावलं ऐकू आली, बाबा! कुठून येतायत, किती लांब आहेत, सगळं कळत होतं!"

एवढं सांगून ती मैत्रिणींबरोबर नळाकडे गेली.

गुरुजी बाकावर बसून पोरींच्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरत होते. थोरवे त्यांच्या शेजारी जाऊन टेकले.

"गुरुजी… ओरडायचं नाही. शिकवायचं नाही. हरली तरी रागवायचं नाही. मग बापानं मैदानावर यायचं तरी कशाला?"

गुरुजींनी नळाकडे पाहिलं. मंजिरी ओंजळीनं तोंडावर पाणी मारत होती. पायांत त्राण उरलं नव्हतं, तरी हसत होती.

"दमलीये ती," गुरुजी म्हणाले. "घरी न्यायला कुणीतरी हवं ना."