बोळक्या ठिपक्याची राखण

एक होती गजरा, एक तिचं रांगतं लेकरू, आणि एक सगळे दात पडलेला ठिपक्या कुत्रा. घरातल्या ज्वारीच्या कणगीखाली नागिणीने अंडी घातली. लेकरू तिकडे रांगत निघालं, तसा ठिपक्या मध्ये आडवा पडला.

नागीण फणा काढून म्हणाली, "सरक, बोळक्या. तू काय चावणार मला?"

"नाही चावत, बाई. तुझी अंडी तुझ्यामागे, माझं लेकरू माझ्यामागे. तू तुझी राख, मी माझं राखतो."

नागिणीने फणा मिटला.

पिल्लं निघेपर्यंत ठिपक्या तिथून हलला नाही. "ऐदी झालास रे," म्हणत गजरा दुधात कुस्करलेली भाकरी त्याला तिथंच देई.

जाताना नागिणीने कणगीखालचे उंदीर टिपले. त्या वर्षी ज्वारी पुढच्या सुगीपर्यंत पुरली, आणि लेकरू ठिपक्याच्या पाठीला धरून चालायला लागलं.