पाणाड्याचे बूट

"पण मला एकट्याला का धाडत न्हाई तुमी, आबा?"

माळावर चालताना बोलायचं नाही, अशी हैबती आबांची जुनी खोड होती.

भानुदास पुढं चालला होता, आबा दहा पावलं मागून. मागं न बघताच भानुदासनं पुन्हा विचारलं.

"आठ वर्सं झाली की मला तुमच्या संगं. उंबर वळखतो. करंज वळखतो. ऐन उन्हाळ्यात हरळी कुटं हिरवी ऱ्हाती, ते सांगतो. सकाळच्या पारी चिलटांचा थवा कुटं घोंगावतो, तेबी दावतो. अजून काय ऱ्हायलं?"

"चाल," आबा म्हणाले.

आबा पाणाडे. जमिनीखाली पाणी कुठं आहे ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. पाणाड्यानं जागा ठरवून तिथं दगड ठेवायचा आणि गावानं त्या दगडाखाली विहीर खणायची, एवढा साधा व्यवहार. दगड चुकला तर गावाचे चार महिने मातीत जातात. म्हणून दगड ठेवताना आबांचाही हात जड व्हायचा.

भानुदास त्यांचा चेला. त्याला माळ कळत होता, यात शंका नाही. आपल्याला कळतो हे त्याला जरा जास्तच कळलेलं होतं, एवढंच.

आणि त्याचे बूट.

पाणाडे अनवाणी चालतात. जमिनीचा गारवा आधी तळपायाला कळतो, मग डोक्याला. आबांच्या पायाला जन्मात कधी वहाण लागली नव्हती. भानुदासच्या पायात मात्र गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट असायचे, तेही वैशाखात. चालताना फटाक फटाक वाजायचे. वर हातात काठी, ती दर पावलाला पुढं आपटायची आणि नजर सतत जमिनीवर. कुणी विचारलं तर म्हणायचा, काटे लागतात. गावोगावची माणसं हसायची. पाणी बघायला आलायस का गटार उपसायला, असं एकानं तोंडावर विचारलं होतं.

आबांनी बुटांबद्दल आठ वर्षांत चकार शब्द काढला नव्हता.

त्या सकाळी ते करंजमाळावर आले होते. खाली पंचवीस घरांची वाडी. तिथल्या साळूबाईंनी निघताना दोघांच्या हातावर अर्धा अर्धा पेला पाणी ठेवलं होतं. पेला पुरा भरला नाही म्हणून त्या ओशाळल्या होत्या.

"आबा, गडीमाणसं ऊस तोडायला गेल्याती," त्या म्हणाल्या होत्या. "खणणाऱ्या आमी बायकाच. एकदा खणू कसंबी. दुसऱ्यांदा न्हाई हुयाचं. ह्यो दगड चुकला तर वाडी उठली समजा."

आबांनी मान डोलावली होती. भानुदासनं ते अर्धं पाणी एका घोटात संपवलं होतं आणि मग त्याला वाईट वाटलं होतं.

आता उंबर दिसायला लागला. एकटाच, माळाच्या खोलगट भागात. बुडाशी माणसाच्या कमरेइतकं वारूळ.

भानुदास थांबला. दहा पावलांवर आबाही थांबले.

"आज दगड मी ठेवणार," भानुदास म्हणाला. "अन् तुमी त्यो हलवायचा न्हाई."

हा त्याचा खरा सल होता. गेल्या पाच वाड्यांवर त्यानं दगड ठेवला होता आणि पाचही वेळा आबांनी येऊन पायानं तो सरकवला होता. फार नाही, दहा-बारा पावलं. पाचही विहिरींना पाणी लागलं. लोक आबांच्या पाया पडले. भानुदास बाजूला उभा राहून बुटांवरची माती काठीनं खरवडत होता.

"न्हाई हलवत," आबा म्हणाले.

इतक्या लवकर ते कबूल होतील असं भानुदासला वाटलं नव्हतं. तो जरा गडबडला. मग त्यानं उंबराकडं पाहिलं, हरळी पाहिली, करंजाची दोन झुडपं पाहिली. वारुळाकडं पाहून नजर लगेच फिरवली. चांगला हातभर दगड उचलला आणि मोकळ्या जागी ठेवला.

दगडाचा आवाज झाला.

"झालं?"

"झालं."

"वारूळ किती लांब ऱ्हायलं?"

"हाय की... पंधरा पावलं. सरळ म्होरं."

आबांनी तळपाय मातीत घासला.

"भान्या, पाच जागी तू दगड ठेवलास. पाचीबी जागी वारूळ व्हतं. अन् तुझा दगड दर टायमाला लांब."

"पाणी लांब व्हतं."

"साप जवळ व्हता."

भानुदासचा चेहरा पडला.

"मी सापाला भेतो व्हय? सात मारल्यात मी. ह्याच काठीनं."

"मारल्यात. ठाऊक हाय मला."

"मग?"

"साप वारुळात कशाला ऱ्हातो रं?"

"आत गार असतं म्हणून."

"अन् आपण काय हुडकत फिरतो?"

...

भानुदासला राग आला होता. आठ वर्षांचं शिक्षण म्हाताऱ्यानं एका वाक्यात उलटं केलं होतं.

"मंजी दगड चुकला म्हणायचं तुमाला?"

"मी कुटं म्हणलं? मी हलवणार न्हाई. तुझा दगड, तुझी वाडी." आबा म्हणाले. "मी जरा गारव्याला जाऊन बसतो."

आणि ते वारुळाच्या दिशेनं चालायला लागले. भानुदासला ओलांडून, सरळ पुढं. कितीतरी दिवसांनी आज आबा त्याच्या पुढं होते.

सहा पावलं गेले. सात.

वारुळाच्या अलीकडं, हरळीच्या कडेला काहीतरी हललं. भानुदासच्या डोळ्यांना ते लगेच दिसलं. त्या डोळ्यांना दुसरी सवयच नव्हती. गव्हाळ रंगाचा, मनगटाएवढा जाड नाग उन्हात पसरला होता. पावलांची चाहूल लागली तसा तो गोळा झाला आणि त्यानं अंग उचललं.

आबा चालतच होते.

भानुदासनं काठी उगारली. पण पाय उचलेना. आबा थांबतील, त्याला वाटलं. आत्ता थांबतील. एवढा मोठा नाग समोर फणा काढून उभा आहे...

आबांनी पुढचं पाऊल उचललं.

"आबा! हलू नका!"

उचललेलं पाऊल तसंच अधांतरी राहिलं. मग अगदी सावकाश, होतं तिथं मागं टेकलं.

"काय हाय?" आबांनी विचारलं.

"नाग."

"कुटं?"

भानुदास त्यांच्याकडं बघतच राहिला. नाग त्यांच्या पायांपासून पाच हातांवर होता.

"कुटं हाय, भान्या? नीट सांग."

"तुमच्या म्होरं. पाच हात. फणा काढलाय... मारू का?"

"माझ्याकडं बघतोय का तुझ्याकडं?"

भानुदासनं पाहिलं. नाग डुलत होता. उगारलेली काठी थरथरत होती आणि ती जिकडं जाईल तिकडं फणा वळत होता.

"काठीकडं बघतोय."

"मग काठी खाली ठेव."

"आबा..."

"हळू ठेव. आवाज करू नगंस."

ती काठी खाली ठेवायला भानुदासला किती वेळ लागला, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. गुडघे वाकवले. काठी मातीवर टेकवली. बोटं एकेक करून सोडवली. अंगावरचा घाम बुटात उतरला होता.

दोघंही उभे राहिले. उंबरावर एक होला घुमत होता.

नागानं फणा मिटला. थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग त्यांच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा वळला आणि वारुळामागच्या खडकाकडं निघून गेला.

"गेला?"

"गेला. मागच्या कपारीत."

"बरं," आबा म्हणाले आणि जिथं होते तिथंच मातीत बसले.

भानुदास त्यांच्याजवळ गेला. समोर बसला. त्यांच्या डोळ्यांपुढून त्यानं हात फिरवला. डोळे हलले नाहीत.

"कवापास्नं, आबा?"

"दोन पावसाळं झालं. काचबिंदू. गेलं त्ये परत येत न्हाई म्हणला डॉक्टर. उजेड तेवढा कळतो."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू माझ्याकडं बघत चालला असतास. जमिनीकडं कुणी बघायचं?"

भानुदासला भडभडून आलं. दोन वर्षं. घाट, ओढे, काटेरी टेकड्या. दोन वर्षं तो पुढं चालत होता आणि त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.

"मग डोंगरात चालत कसं व्हता तुमी?"

"तुझं बूट वाजत्यात. वाजत्यात तवर वाट चांगली. थांबलं की मी थांबतो."

...

"आबा, मला लई भ्या वाटतं," भानुदास म्हणाला. हे शब्द त्यानं जन्मात पहिल्यांदा उच्चारले होते. "काट्याचं न्हाई. माझी ताई सरपणाला गेली व्हती. मी संगं व्हतो. मोळी तिनं उचलली अन्..."

"ठाऊक हाय."

"कुणी सांगितलं?"

"पयल्या दिवशी तू बूट घालून आलास. त्याच सांजंला तुझ्या आईला इचारून आलो."

आठ वर्षं म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. भानुदास खाली मान घालून रडला. आबांनी त्याला रडू दिलं. उगी म्हणाले नाहीत, पाठीवरून हातही फिरवला नाही. नुसते शेजारी बसून राहिले.

बऱ्याच वेळानं भानुदासनं नाक पुसलं. बुटात हात घातला. आधी डावा ओढून काढला, मग उजवा. आतले पाय पांढरेफटक निघाले, लहान मुलाच्या पायासारखे मऊ. मातीला लागताच पोळले.

तो उठला.

काठी तिथंच पडली होती. ती त्यानं उचलली नाही. आपल्या दगडाजवळ गेला, तिथं उभा राहिला. जमीन तापलेली होती. नुसती भट्टी. दोन पावलं पुढं आला. तापलेलीच. मग वारुळाच्या दिशेनं, एकेक पाऊल. मधेच थांबायचा, कपारीकडं बघायचा, श्वास घ्यायचा, परत चालायचा. छातीतली धडधड कमी झाली नव्हती. तिच्यासकट चालला होता.

वारूळ तीन पावलांवर आलं तेव्हा तो एकदम थांबला. डावा पाय उचलला, परत ठेवला. उजवा ठेवला. मग दोन्ही टाचा घट्ट दाबून डोळे मिटून उभा राहिला.

"आबा..." तो हळूच म्हणाला. "गार हाय."

भानुदास परत गेला, आपला दगड दोन्ही हातांनी उचलून आणला आणि तिथं ठेवला. या वेळी आवाज झाला नाही.

आबा उठले. भानुदासनं हाताला धरून त्यांना आणलं. म्हाताऱ्यानं पायाच्या अंगठ्यानं दगड चाचपला. आजूबाजूची माती चाचपली. इकडं पाऊल ठेवलं, तिकडं ठेवलं. भानुदासला खालची वाडी दिसत होती, आणि साळूबाईंचा तो अर्धा पेला.

आबांनी पाय मागं घेतला. दगड होता तिथंच राहिला.

"साळूबाईला सांग, नारळ आण म्हणावं," आबा म्हणाले.

"मी सांगू?"

"दगड कुणाचा हाय?"

भानुदासला काय करू आणि काय नको झालं. त्यानं आबांच्या पायांवर डोकं टेकवलं. मग बूट उचलून बगलेत मारले आणि वाडीच्या वाटेला लागला, अनवाणी. मान ताठ झाली होती, छातीही थोडी पुढं आली होती. पाय भाजत होते, पण ते भाजणंही त्याला गोड लागत होतं. आता घालायचेच नाहीत हे बूट, त्यानं ठरवून टाकलं. साळूबाईंच्या चुलीत घालायला देऊ.

दहा पावलं गेला. मागं काहीच हललं नाही.

आज मात्र त्यानं वळून पाहिलं.

आबा उंबराखाली दगडाजवळच उभे होते, मान थोडी कलती करून.

"चला की, आबा."

म्हातारा जागचा हलला नाही.

"बूट घाल, भान्या... वाट ऐकू येईना मला."