बकुळपरी आणि पितळी पिंप

तेव्हा लॉटरीच्या तिकिटावर मोर असायचा. गुलाबी गुलाबी कागद, त्यावर निळाशार मोर आणि त्याच्या पिसाऱ्याखाली मुंगीच्या पावलांएवढे आकडे. तिकीट मिळायचं एका रुपयाला, आणि तेवढ्या रुपयात माणूस महिनाभर स्वप्नं बघायचा. आता कुठे मिळतं इतकं काही रुपयाला?

डोंगरांच्या कुशीत मोरझरी नावाचं एक चिमुकलं राज्य होतं, तिथली ही गोष्ट. राणीसाहेबांच्या बागेच्या कडेला एक गवती खोपटं होतं आणि त्यात तुळसा नावाची मुलगी राहायची. तिच्या परकराला इतकी ठिगळं होती, की मूळचा रंग कुठला ते तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. आई बागेतल्या झाडांना पाणी घालायची. बाबा गजरे ओवायचे, पण नुसत्या बोटांनी, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तुळसा रांगत होती तेव्हा त्यांनी तिला शेवटचं पाहिलं होतं. त्यानंतर ती किती वाढली, हे ते तिच्या डोक्यावर हात ठेवून ओळखायचे.

डोळे बरे करणारे डॉक्टर घाट ओलांडून दूरच्या शहरात. मोरझरीत साधा दवाखानासुद्धा नव्हता. बाबांनी एकदा, फक्त एकदा आपल्याला पाहावं, असं तुळसाला फार वाटायचं. बाकी तिला काही म्हणजे काही नको होतं.

दवाखाना बांधायचा तर राणीसाहेबांची तिजोरी रिकामी. आणि गंमत बघा, करासाठी ज्यांच्या खिशात दमडी नसायची, तेच लोक बाजारामागच्या बोळात चोरून आकड्यांवर पैसे लावायचे! राणीसाहेबांचे दिवाणजी मोठे हुशार. ते म्हणाले, "राणीसाहेब, लोक नशीब आजमावणारच. मग ते अंधारात कशाला? आपण उघड्या मैदानात लॉटरी काढू. एका माणसाला एकच तिकीट. निम्म्या पैशांचं बक्षीस आणि निम्म्या पैशांचा दवाखाना."

झालं! मोराची तिकिटं छापली गेली. एक भलंमोठं पितळी पिंप आलं, सोन्यासारखं लखलखीत. त्यात प्रत्येक तिकिटाच्या आकड्याची एकेक लाकडी गोटी टाकायची, बाजूची मूठ धरून पिंप गरागरा फिरवायचं आणि एक गोटी बाहेर काढायची. याला म्हणायचं सोडत. पहिल्या सोडतीला दिवाणजींनी स्वतः बाह्या वर करून पिंप फिरवलं. बक्षीस लागलं कुणाला? दिवाणजींच्याच साडूला! दिवाणजी देवाशपथ सांगत राहिले की हा निव्वळ योगायोग आहे, पण ऐकतो कोण?

मग ठरलं, माणूस नकोच. दुसऱ्या सोडतीला ज्योतिष्याचा पोपट बोलावला. पोपटराव ऐटीत आले, सगळ्या गोट्यांवरून मान तिरकी करत फिरले आणि एकाच गोटीला टोच टोच टोचत बसले. कुणीतरी ती गोटी हुंगून पाहिली, तर तिला पेरूचा घमघमाट!

त्या दिवशी लोक ओरडले नाहीत की भांडले नाहीत. त्यांनी मुकाट्याने आपापली तिकिटं फाडली आणि ते घरी गेले. मैदानभर मोरांचे निळे तुकडे पडले होते. ते झाडायला आईबरोबर तुळसा गेली होती. झाडताना तिला इतकं वाईट वाटलं, की तिने त्यातला एक तुकडा परकराच्या ओच्यात बांधून ठेवला.

राणीसाहेब म्हणाल्या, "आता एकदाच. या खेपेला खोट निघाली तर लॉटरी बंद आणि दवाखानाही बंद."

दिवाणजींनी रात्रंदिवस डोकं खाजवलं आणि दवंडी पिटवली. ज्या घरात एकही तिकीट नाही, त्या घरचं मूल पिंप फिरवेल. मोरझरी अख्खी पालथी घातली. घरोघरी मोर! तिकीट नव्हतं ते एकाच घरात, कारण तिथे रुपयाची भाजी येत होती. अशी आपली तुळसा निवडली गेली.

आणि मग काय सांगू! ज्यांनी तिला कधी साधी हाक मारली नव्हती, ते लोक रुमालात लाडू बांधून यायला लागले. "खा गं बाळ," म्हणायचे आणि हळूच आपला आकडा तिच्या कानात सांगायचे. कुणाला लेकीचं लग्न काढायचं होतं, कुणाच्या घराचं छप्पर गेलं होतं, कुणाला नुसतीच एक म्हैस हवी होती. करंज्या, चिवडा, साखरफुटाणे! एकटे हणमंतशेठ तेवढे आले नाहीत. ते गावातले सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात चिक्कू. त्यांच्या दुकानातून आजवर मुंगीनेसुद्धा साखरेचा दाणा फुकट नेला नव्हता.

शेवटी शेजारच्या काशीकाकी आल्या. काकी मनाच्या चांगल्या. त्यांनी तुळसाला जवळ घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "तुळशे, माझा आकडा लागला ना, तर पहिल्यांदा बैलगाडी जुंपीन आणि तुझ्या बाबाला घाटापलीकडे डॉक्टरकडे नेईन. मग माझं काय ते बघीन."

काकी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. तुळसाला ते ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी कानात सांगितलेला आकडा ती रात्रभर मनात घोकत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी बकुळीची फुलं वेचायला गेली. बागेत दवाचे थेंब चमचमत होते, गवताच्या पात्यापात्यावर जणू मोती ओवले होते. एवढ्यात तिला दिसलं, मुंग्यांची एक रांग बकुळीचं एक फूल ओढत वारुळाकडे चालली आहे, आणि त्या फुलात कुणीतरी इवलंसं, पिटुकलं, चक्क झोपलं आहे!

फूल हिसकावून घेणं सोपं होतं. पण मुंग्यांनीही केवढी मेहनत घेतलेली! तुळसाने कनवटीची भाकरी काढली, तिची न्याहारी होती ती, आणि तिचा चांगला मोठा तुकडा मुंग्यांपुढे ठेवला. मुंग्या खूश होऊन तिकडे वळल्या. तुळसाने फूल अलगद तळहातावर घेतलं.

फूल गरकन फिरलं आणि त्यातून परी उठून बसली. झगा बकुळीच्या रंगाचा, काठ मोरपंखी, पाठीवर झिरमिर झिरमिर चमकणारे पंख आणि पायांत दवबिंदूंचे पैंजण.

"अगंबाई, मी वारुळात गेले असते की!" परी म्हणाली. "मी बकुळपरी. गोल गोल फिरणाऱ्या वस्तूंची परी. भोवरे, गोट्या, भिंगऱ्या सगळ्या माझं ऐकतात. माग, काय हवं ते माग."

"परीताई, माझ्या बाबांचे डोळे बरे कर," तुळसा एका श्वासात म्हणाली.

परीचे पंख मलूल झाले. "ते माझ्या हातात नाही गं राणी. फिरणाऱ्या वस्तूपलीकडे माझी जादू चालत नाही. दुसरा नियम असा, की इच्छा एकच. आणि तिसरा, हे कुणाला सांगायचं नाही. पण उद्या तू ते पितळी पिंप फिरवणार आहेस ना? मूठ धरून हळूच आकडा सांग. तीच गोटी तुझ्या हातात येईल."

काशीकाकींचा आकडा तुळसाला पाठ होता.

संध्याकाळी बाबांशेजारी बसून गजरे ओवताना तिने विचारलं, "बाबा, लोक गजरा घेतात आणि टोपलीत पैसे टाकतात. कुणी नुसता खडा टाकला तर तुम्हांला काय कळणार?"

बाबा हसले. "नाहीच कळणार. मला दिसत नाही, म्हणून मी सगळ्यांवर भरवसा टाकून बसतो. आणि कुणी खडा टाकत नाही बघ. ज्याने भरवसा टाकलाय त्याला फसवायला लोकांचा हात उचलत नाही. त्यावरच तर आपली चूल पेटते, तुळशे."

सोडतीच्या दिवशी मैदान फुलून गेलं. पताका फडफडत होत्या, सनई वाजत होती, पिंप उन्हात झगमगत होतं. तुळसा चौरंगावर चढली. समोर सगळं गाव होतं आणि प्रत्येकाच्या मुठीत घडी केलेला गुलाबी मोर. म्हैस हवी असलेला तो म्हातारा, लेकीच्या लग्नाची ती आई, डोळे मिटून हात जोडलेल्या काशीकाकी. अगदी मागे आईचा हात धरून बाबा उभे होते. ते कान देऊन ऐकत होते.

तिने पिंपाची मूठ धरली. मुठीवर बकुळीचं फूल येऊन बसलं. "सांग, कुणाचा आकडा?" परी कुजबुजली.

काकींचा आकडा अगदी ओठांवर आला. बाबांचे डोळे तेवढ्याच अंतरावर होते! आणि तेव्हाच तिला ओच्यातला मोराचा तुकडा आठवला. ही सगळी माणसं आज तिच्यावर भरवसा टाकून उभी होती, बाबा टोपली ठेवून बसतात तशी. कुणाच्याच टोपलीत तिला खडा टाकता येईना. तिला रडू फुटलं आणि रडता रडताच ती म्हणाली, "परीताई, या पिंपाने कुणाचंच ऐकू नये. दिवाणजींचं नाही, माझं नाही आणि तुझंसुद्धा नाही. कधीच नाही."

"म्हणजे माझी इथली जादू संपली की गं," परी हळूच म्हणाली. "दिली तुझी इच्छा. ती फळाला येईपर्यंत मी थांबेन आणि मग जाईन."

पिंप फिरलं, गडगड गडगड. तुळसाने डोळे पुसले, हात आत घातला आणि गोटी काढली. दिवाणजींनी आकडा वाचला. गर्दीतून एक जण दबकत पुढे आला.

हणमंतशेठ!

कुणीतरी फिसकन हसलं. "अहो, यांनी तर पोरीला साधा फुटाणाही दिला नव्हता!" दुसरा म्हणाला, "मग सोडत खरीच की!" बघता बघता हशाची लाटच उसळली. खुद्द काशीकाकी पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेठना बक्षीस मिळावं असं एकालाही वाटत नव्हतं, आणि म्हणूनच त्या दिवशी मोरझरीतल्या एकूण एक माणसाचा लॉटरीवर विश्वास बसला. शेठनी खुशीत येऊन मैदानभर पेढे वाटले म्हणतात. अर्धा अर्धा, पण वाटले!

मग काय दिवस आले म्हणून सांगू! तिकीटवाले सायकलला रंगीत फिरक्या लावून गावोगाव हिंडायचे, "चला, मोर आला, मोर!" म्हणून ललकारायचे. सोडतीच्या संध्याकाळी वडाच्या पाराजवळ फळ्यावर खडूने आकडा लिहिला जायचा. न लागलेलं तिकीट पोरांना मिळायचं, आणि आमच्या लहानपणीच्या पाटी-दप्तरांत पाठ्यपुस्तकांपेक्षा मोरच जास्त असायचे. हरलेली माणसं हसत म्हणायची, "जाऊ दे, दवाखान्याची एक वीट तरी झाली."

विटेवर वीट चढली. पांढराशुभ्र, लाल कौलांचा दवाखाना उभा राहिला. घाटापलीकडचे डॉक्टर मोरझरीत आले, आणि पहिल्या खाटेवर तुळसाचे बाबा निजले.

पट्टी सोडायची त्या सकाळी खिडकीत बकुळीचं एक फूल गरागरा फिरत होतं. परी त्यात उभी होती, आता धुक्यासारखी विरळ. तिने तुळसाला इवल्या हाताने टाटा केला. डॉक्टरांनी पट्टीचा शेवटचा वेढा उलगडला, आणि त्याच क्षणी परीचे पंख उजळले. सोनेरी, गुलाबी, मोरपंखी उजेड खोलीभर पसरला, भिंतींवरून खाली ओघळला आणि विझला. मागे राहिला तो बकुळीचा मंद वास.

"तुळशे, हा कसला गं एवढा सुंदर उजेड?" बाबांनी डोळे किलकिले करत विचारलं.

तुळसाला सगळं सांगावंसं वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

"सकाळ झाली, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. सवयीने हात उचलला, तिच्या डोक्यावर ठेवायला, आणि तो तसाच हवेत राहिला. कारण आज त्याची गरज नव्हती. ते तिच्याकडे बघत होते.