शेवटच्या रांगेतलं धुकं

एका गावाबाहेर, ओढ्याच्या वळणाला, केरबा नावाच्या माणसाची रोपवाटिका होती. माणूस कष्टाळू, पण जिभेला हाड नाही. कोणी मदतीला आलं की तो म्हणायचा, "राहू दे, तुला नाही जमायचं." गड्याला म्हणाला, भावाला म्हणाला, शेजारच्या हौसाक्कालाही म्हणाला. लोकांनी ते मनावर घेतलं आणि यायचं बंद केलं. बायको अंजना होती तोवर घरात दुसरा आवाज तरी होता. ती वारली, आणि मग केरबा दिवसच्या दिवस फक्त रोपांशी बोलू लागला. रोपं उलट बोलत नाहीत, तशी सुलटही बोलत नाहीत.

अंजनानं दारात लावलेली जाई त्या उन्हाळ्यात वाळायला लागली. ती पुरती जळण्याआधी केरबानं तिच्या फांद्या छाटल्या, मातीत खोचल्या आणि जाळीच्या मांडवात, अगदी शेवटच्या रांगेत ठेवल्या. मुळं फुटेपर्यंत अशी फांदी हवेतल्या ओलाव्यावरच जगते. त्यासाठी मांडवाच्या छताला बारीक नळ्या होत्या. विहिरीवरचा पंप चालू केला की त्यांच्या तोंडांतून धुकं सुटायचं. या फांद्या जगल्या तर अंजनाची जाई राहणार होती. तिच्या हातचं दुसरं काही उरलंच नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच धुकं कमी पडू लागलं. पुढच्या रांगांवर ते यायचं, शेवटच्या रांगेवर नुसते थेंब. नळी कुठेतरी गळत होती आणि पाण्याचा जोर वाटेतच जिरत होता. केरबा गळती शोधायला निघाला. पण पंप चालू असला की सगळा मांडवच ओला. त्यात गळती कोणती आणि धुकं कोणतं? पंप बंद केला की गळतीही बंद. नळ्या वाळू देऊन, पंप क्षणभर चालू करून, पहिला थेंब कुठे फुटतो ते बघायला हवं होतं. पण पंप तिकडे विहिरीवर आणि मांडव इकडे. बटण दाबून केरबा धापा टाकत येईपर्यंत सगळं भिजलेलं असायचं. मग थेंब पडताना दिसेल तिथे तो चिंधी बांधायचा. पाणी नळीच्या पोटावरून ओघळत भलतीकडेच येऊन ठिबकतं, हे त्याला कळत होतं, पण करणार काय? नळीवर भाराभर चिंध्या झाल्या आणि गळती होती तिथेच राहिली.

जाईच्या फांद्यांनी माना टाकल्या. एक तर काळीच पडली. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसं झालं. केरबा कुंपणापाशी गेला. पलीकडे हौसाक्का शेळ्यांना पाला टाकत होती. हाक मारायला त्याला फार वेळ लागला. कितीतरी दिवसांत त्यानं कोणाचं नाव घेतलं नव्हतं, आवाजच फुटेना.

"आक्का, जरा पंपापाशी उभी राहतीस का?"

हौसाक्कानं हातातला पाला खाली ठेवला. "मला जमंल व्हय रे केरबा?"

केरबानं मान खाली घातली. "मला एकट्याला जमंना, आक्का."

ती आली. नळ्या वाळेपर्यंत दोघं मांडवात बसली. मग ती विहिरीवर गेली. केरबा नळीखाली उभा राहिला आणि ओरडला, "कर चालू!" पंप सुरू झाला. "बंद कर!" पण तिनं बटण उशिरा दाबलं आणि सगळा मांडव भिजला. केरबाच्या तोंडाशी जुनं वाक्य आलं. तिकडे हौसाक्काही तेच ऐकायची वाट बघत पदर मुठीत धरून उभी होती. पण केरबानं ते ओठाबाहेर येऊ दिलं नाही.

"वाळू दे, आक्का. परत करू."

पुढच्या खेपेला पंप वेळेवर थांबला आणि केरबाला पहिला थेंब दिसला. सगळ्या चिंध्यांपासून लांब, नळीच्या एका जोडावर. तो जोड तडकला होता. गळू नये म्हणून केरबानंच तो मागे पान्यानं करकचून आवळला होता. त्यानं नवा जोड बसवला आणि हातानं बेताचाच आवळला. पंप सुरू झाला तसं शेवटच्या रांगेवर धुकं उतरलं. केरबाला रडू आलं. हौसाक्का विहिरीवरून मांडवात आली, तेव्हा त्याचे डोळे अजून ओलेच होते.

"झालं न्हवं तुझं काम?" असं म्हणून ती शेळ्यांकडे निघून गेली. काम झालंच होतं. आता कोणाला बोलवायला कारण नव्हतं. संध्याकाळी भाकरी खाताना केरबाला घर नेहमीपेक्षा मोठं वाटलं.

सकाळी तो पुन्हा कुंपणापाशी गेला.

"आक्का!"

"आता काय गळतंय रे?"

"काय न्हाई. काम कायबी न्हाई."

केरबा परत फिरणार, एवढ्यात हौसाक्का म्हणाली, "मग च्या ठेव. शेळ्या बांधून येते."

तात्पर्य: हाक मारायची लाज वाटू देऊ नये आणि हाकेला आलेल्या माणसाची चूक पोटात घालावी, सगळं एकट्यानं करू पाहणारा शेवटी एकटाच राहतो.