सही तुम्ही ठेवा

काकरपाटीच्या सरकारी दवाखान्यात वर्षभर डॉक्टर नव्हता. साप चावलेल्या एका बाईला झोळीत घालून तालुक्याला न्यावं लागलं. ती कशीबशी वाचली. तेव्हा तिथल्या विरोधी पक्षाच्या आमदार अनसूया वळवी यांनी विधानसभेत प्रश्न विचारला.

आरोग्यमंत्री निंबोरे उठले. मागे असलेल्या अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून आलेली चिठ्ठी पाहून ते ठणकावून म्हणाले, "डॉक्टर खैरमोडे तिथं रोज हजर असतात. हजेरीपटावर त्यांची सही आहे. अगदी आजचीसुद्धा!"

सत्ताधाऱ्यांनी बाकं वाजवली.

अनसूयाताई शांतपणे म्हणाल्या, "अध्यक्ष महोदय, मंत्र्यांनी जरा मागे वळून पाहावं. ही चिठ्ठी ज्यांनी पाठवली, तेच डॉक्टर खैरमोडे. वर्षभर ते मंत्र्यांच्याच कार्यालयात बसतात."

निंबोरे चाचरले, "ती... तात्पुरती व्यवस्था आहे."

"म्हणजे वर्षभर सही आमच्याकडे आणि डॉक्टर तुमच्याकडे. आता अदलाबदल करू या. सही तुम्ही ठेवा, डॉक्टर आम्हाला द्या."

विरोधकच काय, सत्ताधारीही हसले. अध्यक्षांनी तिथल्या तिथे आदेश दिला. सोमवारी सकाळी डॉक्टर खैरमोडे काकरपाटीच्या दवाखान्यात बसले, तेव्हा बाहेर साठ माणसांची रांग लागली होती.