पाथरवटांची शाळा आणि संगमरवरी दार

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांची वस्ती होती. त्यांनी घडवलेली देवळं दूरदूरच्या गावांत उभी होती. पण वस्तीत शाळा नव्हती. दुधाचे दात पडून नवे आले, की मूल खाणीवर खडी फोडायला जाई.

एकदा नगरातली एक शेठाणी तिथं आली. तिनं पैशांची थैली वस्तीपुढे ठेवली.

"यातून शाळा बांधा. वर्षानं मी येईन. आत मुलं शिकताना दिसली, तर पुढची थैली पलीकडच्या धनगरवाडीला. नाही दिसली, तर असे पैसे पुन्हा कुणालाच देणार नाही."

वस्ती हरखली. थोरला पाथरवट म्हणाला, "आजवर परक्यांची कामं केली. आता आपल्या पोरांचं! दार असं करू, की बघणारा बघतच राहील."

डोंगरातला काळा दगड कुणाला पसंत पडेना. लांबून संगमरवर आणला. दारावर हत्ती झाले, हत्तींवर मोर झाले, मोरांभोवती वेली चढल्या. दार पुरं झालं तेव्हा थैली रिकामी होती. दारामागे भिंत नव्हती, छप्पर नव्हतं. नुसत्या बाभळी होत्या.

"वा!" थोरल्याची बायको पदर खोचत म्हणाली. "हत्तींची सोय झाली. आता पोरांना कुठं बसवता?"

त्यांची नात भिवरा शेजारीच उभी होती. तिचे पुढचे दोन दात नुकतेच आले होते. ती म्हणाली, "आजोबा, मग मी खाणीवर कधीपासून जाऊ?"



थोड्याच दिवसांत एक सरदार त्या वाटेनं चालला होता. दार बघून तो घोड्यावरून उतरला. "हे माझ्या नव्या हवेलीला द्या. थैली भरून देतो."

"आमच्या हातचं सगळ्यांत देखणं काम आहे ते!" पाथरवट चिडले. "विकायचं नाही."

थोरल्यानं मोराच्या पिसाऱ्यावरून हात फिरवला. मग नातीचा मऊ तळवा हातात घेतला. "न्या, सरकार," तो म्हणाला. "फक्त सांभाळून उतरवा."

त्या पैशांतून आणि डोंगरातल्याच काळ्या दगडातून शाळा उभी राहिली. कौलारू छप्पर, मोठ्या खिडक्या, प्यायला पाणी, मुलींसाठी वेगळं शौचकूप.

वर्षानं शेठाणी आली. सोबत धनगरवाडीची माणसंही होती. "शाळा कुठाय?" तिनं विचारलं.

"ऐका की!" थोरल्याची बायको म्हणाली. आतून पाढ्यांचा असा गजर चालला होता, की झाडावरचे पक्षी उडाले.

शेठाणीनं साधी चौकट न्याहाळली. "तुम्ही पाथरवट ना? एक फूलसुद्धा कोरलं नाही?"

"कोरायला बसतो की," थोरला म्हणाला. "पण छिन्नी वाजली, की आमची भिवरा खिडकीतून ओरडते, 'आजोबा, हळू! अभ्यास चाललाय!'"

शेठाणी खळखळून हसली आणि धनगरांकडे वळली. "चला, तुमची जागा दाखवा."

तात्पर्य: शाळेसाठी आलेला पैसा आधी मुलांच्या कामी लागावा. आपली हौस थांबली तरी चालेल, मूल थांबता कामा नये.