साखरेच्या पोत्यावरची तिरकी अक्षरं

साखर कारखान्याच्या पोत्यांवर छापायला नवी अक्षरं घडवायचं काम केतकी राजमानेकडे आलं. तिने तीन महिने खपून उजवीकडे कललेली, धावत सुटल्यासारखी दिसणारी स्टेन्सिलची अक्षरं केली. पत्र्यातून कापताना अक्षराच्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून जागोजागी बारीक सांधे राखले. पोत्यावर पत्रा ठेवून रंगाचा ब्रश फिरवला, की कारखान्याचं नाव लांबूनही ठसठशीत दिसे.

बैठकीत अध्यक्ष आबासाहेबांनी नमुन्याचं पोतं पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, ही अक्षरं तिरकी का? आमच्या कारखान्यात सगळं सरळ लागतं. एका वाक्यात पटवा, नाहीतर हे काम आमचे जावई करतील."

जावईबापूंना यातलं ओ की ठो कळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी भोवती उभे असलेले संचालक हात बांधून, कमरेत वाकून म्हणाले, "खरंय, आबासाहेब!"

केतकीने त्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"आबासाहेब, आपल्यासमोर ताठ उभं राहायची रीत या कारखान्यात आहेच कुठं?"

संचालक एकेक करून सरळ झाले. म्हातारे उपाध्यक्ष ज्ञानूतात्या तर फिस्सकन हसलेच. अक्षरं सरळ करा म्हणावं, तर आधी माणसं सरळ करावी लागणार, हे आबासाहेबांनी ओळखलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"छापा अशीच," ते म्हणाले. "आणि बसा रे सगळे. खुर्च्या काय शोभेला ठेवल्यात?"